प्रोटॉनच्या टकरींतून मोजमाप कसं काढायचं

सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणत्वरकाच्या २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळात प्रोटॉनचे गुच्छ दर २५ नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात. एका गुच्छात सुमारे १०० अब्ज प्रोटॉन असतात. दोन गुच्छ एकमेकांतून गेले की त्यातले जेमतेम काही डझन खरोखर आदळतात. महिनोन्महिने हे चालतं आणि शेवटी जो शोधनिबंध लिहिला जातो त्याचा गाभा पुष्कळदा एवढाच असतो: अमुक कण अमुक प्रमाणात तयार होतो. हे प्रमाण म्हणजे क्रॉस-सेक्शन. त्याचं सूत्र असं:

क्रॉस-सेक्शन = (निवडलेले इव्हेंट − पार्श्वभूमी) ÷ (अ‍ॅक्सेप्टन्स × कार्यक्षमता × ल्युमिनॉसिटी)

वरच्या बाजूला मोजणी आहे: इव्हेंट म्हणजे गुच्छांच्या एका भेटीची नोंद, आणि पार्श्वभूमी म्हणजे हव्या प्रक्रियेसारखे दिसणारे दुसरेच इव्हेंट. खालच्या बाजूला निसटलेल्या गोष्टींचा हिशेब; तिथल्या तिन्ही संज्ञा पुढे येतील. मोजणी संगणक एका दुपारीत करून देतो. वेळ जातो तो हिशेबात, आणि चुका होतात त्याही तिथेच. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत जाऊ: या पायरीवर काय गळालं, आणि किती गळालं हे आपल्याला कशावरून कळतं? उदाहरण घेऊ झेड बोसॉन हा जड कण तयार होऊन त्याचे दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) होण्याचं. ही प्रक्रिया स्वच्छ आहे, भरपूर घडते आणि डिटेक्टरची पारख करायला सगळे तीच वापरतात.

ट्रिगर: पहिली आणि न भरून येणारी गळती

एका इव्हेंटची कच्ची नोंद सुमारे १ मेगाबाइटची असते. सेकंदाला ४ कोटी वेळा गुच्छ भेटतात असं धरलं तर सेकंदाला ४० टेराबाइट होतात. एवढं ना वाहून नेता येतं, ना साठवता येतं. म्हणून निवड जागेवरच आणि दोन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक्सचा. सीएमएस या कोलायडरवरच्या एका मोठ्या प्रयोगाच्या डिटेक्टरमध्ये या टप्प्याला निर्णयासाठी सुमारे ४ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढा वेळ बाकीचा डेटा डिटेक्टरवरच्याच चिप्समध्ये रांगेत थांबलेला असतो. इथे फक्त कॅलोरिमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) आणि म्युऑन कक्षांची ढोबळ माहिती वापरतात. आतल्या ट्रॅकरचा, म्हणजे कणांचे मार्ग टिपणाऱ्या भागाचा, डेटा इतक्या वेळात वाचून होत नाही. यातून सेकंदाला जास्तीत जास्त १ लाख इव्हेंट पुढे जातात. दुसरा टप्पा हजारो प्रोसेसरांच्या संगणक-ताफ्यावर चालतो. तिथे एका इव्हेंटला सरासरी काही शे मिलिसेकंद मिळतात आणि जवळजवळ पूर्ण पुनर्रचना (संकेतांवरून कण ओळखून काढणं) करता येते. २०१५ ते २०१८ या काळात इथून सेकंदाला सुमारे १००० इव्हेंट साठवणीत जात होते. म्हणजे ४० हजारांतला एक उरला. बाकीचे कायमचे गेले. नंतर कितीही हुशार विश्लेषण केलं तरी ते परत येत नाहीत.

त्यामुळे विश्लेषणाची सुरुवात हिस्टोग्रामपासून नव्हे, ट्रिगर निवडण्यापासून करा. आपल्या उदाहरणासाठी दोन पर्याय सहज सुचतात: आडवा संवेग २४ जीईव्हीच्या वर असलेला एकटा, आयसोलेटेड म्युऑन, किंवा १७ आणि ८ जीईव्हीच्या उंबरठ्यांची म्युऑनजोडी. आडवा संवेग म्हणजे झोताच्या दिशेला काटकोनात असलेला संवेगाचा भाग. आयसोलेटेड म्हणजे आजूबाजूला इतर कण फारसे नसलेला. जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट; इथे ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान तिन्ही त्यातच मोजतात. टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही.

ट्रिगरचा उंबरठा भिंतीसारखा सरळ नसतो. ट्रिगरने घाईत मोजलेला संवेग आणि तुम्ही नंतर नीट मोजलेला संवेग थोडे वेगळे येतात. त्यामुळे २३ चा म्युऑन कधी आत येतो आणि २५ चा कधी बाहेर राहतो. कार्यक्षमतेचा आलेख संवेगाविरुद्ध काढा; तो चढत जाऊन जिथे सपाट होतो तिथून थोडं पुढे आपली अट ठेवा. २४ च्या ट्रिगरसाठी २६ ही नेहमीची निवड आहे. चढणीच्या भागातले इव्हेंट वापरायचा मोह आवरा: तिथे संवेगाच्या कॅलिब्रेशनमधली बारीकशी चूक कार्यक्षमतेत मोठी होऊन उतरते.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक, प्रीस्केल: काही ट्रिगर दर ५० किंवा १०० पैकी एकच इव्हेंट ठेवतात आणि हा आकडा एकाच रनमध्येही (डेटा घेण्याच्या एका सलग सत्रातही) बदलू शकतो, कारण रात्रभरात झोत विरळ होत जातो. दोन, तो ट्रिगर वर्षभर चालू होता का. मध्येच उंबरठा २ जीईव्हीने वाढवलेला असतो आणि तुमचा आलेख तारखेनुसार उडी मारतो.

संकेतांपासून कणांपर्यंत

ट्रॅकरमध्ये म्युऑनचा मार्ग चुंबकीय क्षेत्रामुळे वाकतो आणि वाकण्यावरून संवेग निघतो. हे वाकणं किती सूक्ष्म असतं ते पाहा. सीएमएसचं क्षेत्र ३.८ टेस्ला, ट्रॅकरची त्रिज्या सुमारे १.१ मीटर. १०० जीईव्हीच्या म्युऑनचा मार्ग या अंतरात सरळ रेषेपासून जास्तीत जास्त १.७ मिलिमीटर बाजूला जातो. संवेग एका टक्क्याने अचूक हवा असेल तर हे १.७ मिलिमीटर १७ मायक्रॉनच्या आत मोजावे लागतात. म्हणून सिलिकॉनचे हजारो तुकडे नेमके कुठे बसले आहेत, हे त्यांच्यातून गेलेल्या लाखो मार्गांवरूनच पुन्हा पुन्हा काढावं लागतं. चुंबक बंद करून परत चालू केला तरी हे तुकडे हलतात.

या कामात एक फसवा प्रकार आहे. सगळा ट्रॅकर किंचित पिळला गेला तरी प्रत्येक मार्ग गुळगुळीतच दिसतो, फिटची गुणवत्ता उत्तम येते, आणि धन म्युऑनचा संवेग थोडा जास्त तर ऋण म्युऑनचा थोडा कमी मोजला जातो. हे पकडायला झेडचं वस्तुमान धन म्युऑनच्या फाय कोनानुसार (झोताभोवतीचा कोन) आणि ईटानुसार (झोताच्या दिशेशी असलेल्या कोनाचं माप) वेगवेगळं काढून पाहा. आलेख सपाट हवा. तो लाटेसारखा वरखाली होत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे तुकड्यांच्या जागांचा हिशेब, चुकलेलं आहे. झेडचं वस्तुमान ९१.१८७६ जीईव्ही, दोन मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अचूकतेने, सर्नच्या आधीच्या लेप त्वरकाने ठरवून ठेवलं आहे, म्हणूनच ते आज मापदंड म्हणून वापरता येतं. त्या अचूकतेसाठी चंद्राच्या भरती-ओहोटीने बोगद्याचा परिघ मिलिमीटरभर बदलतो हेही हिशेबात धरावं लागलं होतं. पद्धतशीर चूक कुठून येईल याचा अंदाज बांधणं किती अवघड असतं ते यावरून कळतं.

डेटा घेतल्यावर साधारण ४८ तासांत पहिली पुनर्रचना होते. तेवढ्या वेळात मृत चॅनल, झोताची जागा वगैरे गोष्टी नव्याने काढून घेतात. वर्षाअखेरीस सुधारलेल्या कॅलिब्रेशनने सगळं पुन्हा चालवतात. तुमचा डेटा कोणत्या पुनर्रचनेतला आहे ते पहिल्या दिवशीच लिहून ठेवा आणि सिम्युलेशन त्याच्याशी जुळणारं घ्या.

मग येते प्रमाणित यादी. सीएमएसमध्ये डेटा सुमारे २३ सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि ज्या तुकड्यांत सगळे भाग ठीक चालले तेवढेच एका जेसन फाइलमध्ये नोंदवतात. ही यादी लावायला विसरलात तर अर्धा ट्रॅकर बंद असतानाचे इव्हेंटही आत येतात. त्याहून जास्त वेळा घडणारी चूक म्हणजे डेटाला एक यादी आणि ल्युमिनॉसिटी काढताना दुसरीच.

ल्युमिनॉसिटी

किती टकरींना संधी मिळाली त्याचं हे माप. क्रॉस-सेक्शन बार्न या क्षेत्रफळाच्या एककात मोजतात, म्हणून ल्युमिनॉसिटीचं एकक उलटा फेम्टोबार्न: १ फेम्टोबार्न क्रॉस-सेक्शनची प्रक्रिया १ उलट्या फेम्टोबार्नमध्ये सरासरी एकदा घडते. १३ टीईव्हीच्या टकरींत हिग्ज बोसॉनचं एकूण क्रॉस-सेक्शन सुमारे ५५ पिकोबार्न (१ पिकोबार्न म्हणजे १००० फेम्टोबार्न) आहे. २०१५ ते २०१८ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांना प्रत्येकी सुमारे १४० उलटे फेम्टोबार्न मिळाले, म्हणजे प्रत्येकाच्या डिटेक्टरमध्ये ७० लाखांहून जास्त हिग्ज तयार झाले. त्यातले दोन फोटॉनमध्ये जाणारे हजारात सव्वादोनच.

ल्युमिनॉसिटीचं मूळ माप व्हॅन डर मीर स्कॅनने घेतात. ही पद्धत सिमॉन व्हॅन डर मीर यांनी १९६८ मध्ये सुचवली. दोन झोत मुद्दाम पायरीपायरीने एकमेकांपासून बाजूला सरकवायचे आणि प्रत्येक पायरीवर टकरींचा दर मोजायचा. दर कसा उतरतो त्या वक्रावरून झोतांचा एकमेकांवर पडणारा आकार कळतो. झोतातला विद्युतप्रवाह वेगळा मोजलेला असतो. दोन्ही मिळून निरपेक्ष ल्युमिनॉसिटी निघते. अनिश्चितता साधारण १ ते २.५ टक्के राहते.

तुमच्या बाजूने लक्ष द्यायचं ते इथे. ग्रिडवर (जगभर जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यावर) हजारो जॉब पाठवले की काही जॉब मरतात, आणि काही मेले तरी यशस्वी झाल्याचं सांगतात. ल्युमिनॉसिटी नेहमी प्रत्यक्ष वाचल्या गेलेल्या तुकड्यांच्या यादीवरून काढा, वाचायच्या ठरवलेल्या यादीवरून कधीच नाही. दोन टक्के फाइली गहाळ असतील तर उत्तर दोन टक्क्यांनी कमी येतं आणि कुठेही लाल अक्षरात इशारा दिसत नाही.

हाताने करून पाहा

सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसच्या २०१२ च्या म्युऑनजोड्यांची एक हलकी फाइल आहे: सुमारे ६ कोटी १५ लाख इव्हेंट, आकार जेमतेम २ गिगाबाइट, ८ टीईव्हीच्या टकरी, ११.६ उलटे फेम्टोबार्न. तिच्यात म्युऑनची संख्या, आडवा संवेग, ईटा, फाय, वस्तुमान आणि विद्युतभार एवढे सहाच स्तंभ आहेत. रूट या कणभौतिकीच्या सॉफ्टवेअरमधल्या आरडेटाफ्रेमने किंवा पायथनच्या अपरूट लायब्ररीने ती साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत वाचून होते.

नेमके दोन म्युऑन आणि विरुद्ध भार एवढ्याच अटी लावा. मग जोडीचं वस्तुमान काढा. म्युऑनचं स्वतःचं वस्तुमान ०.१०६ जीईव्ही इतकं कमी असल्याने जोडीच्या वस्तुमानाचा वर्ग = २ × पहिल्याचा आडवा संवेग × दुसऱ्याचा आडवा संवेग × (ईटांच्या फरकाचा कॉश, म्हणजे हायपरबोलिक कोसाइन − फायांच्या फरकाचा कोसाइन). एक जोडी हाताने सोडवा: संवेग ४५ आणि ४०, ईटा ०.५ आणि −०.३, फाय १.५ आणि −१.४. ईटांचा फरक ०.८, त्याचा कॉश १.३३७. फायांचा फरक २.९, त्याचा कोसाइन −०.९७१. कंसातली किंमत २.३०८, तिला ३६०० ने गुणलं की ८३१० आणि त्याचं वर्गमूळ ९१.२ जीईव्ही. झेड सापडला. खूप कमी वस्तुमानाच्या जोड्यांसाठी मात्र हे सोपं रूप न वापरता पूर्ण चार-संवेग वापरा. तिथे म्युऑनचं वस्तुमान दुर्लक्ष करण्याजोगं राहत नाही.

सगळ्या जोड्यांचा हिस्टोग्राम ०.२५ ते ३०० जीईव्हीपर्यंत, दोन्ही अक्षांवर लॉग मोजपट्टी ठेवून काढा. ०.५५ ला ईटा मेसॉन (या मेसॉन कणांच्या नावांचा वरच्या ईटा, फाय या मापांशी संबंध नाही), ०.७८ जवळ ऱ्हो आणि ओमेगा, १.०२ ला फाय मेसॉन, ३.१० ला जे-साय, त्याच्या शेजारी ३.६९ ला साय-प्राइम, ९.४६ पासून अप्सिलॉनची तीन शिखरं आणि ९१ ला झेड. कणभौतिकीचा कित्येक दशकांचा इतिहास एका आलेखात डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि हे पाहण्याची संधी कुणालाही आहे. मधल्या भागातले रुंद उंचवटे मात्र कण नाहीत. ते ट्रिगरच्या उंबरठ्यांनी घडवलेले आकार आहेत, आणि ते नवे कण समजण्याची चूक नवखे लोक हमखास करतात.

या फाइलमध्ये ट्रिगरची आणि आयसोलेशनची माहिती नाही, म्हणून तिच्यावरून शिखरं दिसतील पण क्रॉस-सेक्शन निघणार नाही. त्यासाठी पूर्ण फाइल घेऊन अशा अटी लावतात:

- प्रत्येक म्युऑनचा आडवा संवेग २५ जीईव्हीच्या वर (ट्रिगर जसा असेल त्याप्रमाणे), ईटाची निरपेक्ष किंमत २.४ च्या आत.
- म्युऑनभोवती ०.४ त्रिज्येच्या शंकूत असलेल्या इतर कणांच्या संवेगाची बेरीज म्युऑनच्या संवेगाच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी. जेटमधले (एकाच दिशेने उडणाऱ्या कणांच्या झुपक्यातले) म्युऑन इथे गळतात.
- मार्ग टक्करबिंदूपासून आडव्या दिशेत २ मिलिमीटर आणि झोताच्या दिशेत ५ मिलिमीटरच्या आत.
- विरुद्ध भार, जोडीचं वस्तुमान ६० ते १२० जीईव्ही.

तिसरी अट वैश्विक किरणांसाठीही आहे. वरून आलेला एकच म्युऑन डिटेक्टरच्या मधून आरपार गेला की तो विरुद्ध भाराच्या, अगदी पाठीला पाठ लावलेल्या दोन म्युऑनसारखा दिसतो. दोघांमधला कोन पाय रेडियनपासून ०.०२ च्या आत असेल तर संशय घ्या.

प्रत्येक अटीनंतर किती इव्हेंट उरले याचा तक्ता ठेवा, डेटाचा आणि सिम्युलेशनचा शेजारी शेजारी. एखाद्या ओळीत दोघांचं गुणोत्तर अचानक बदललं तर बिघाड त्याच अटीत आहे. याहून स्वस्त तपासणी दुसरी नाही.

सिम्युलेशन आणि त्याची दुरुस्ती

अ‍ॅक्सेप्टन्स म्हणजे एकूण झेडपैकी किती टक्क्यांचे दोन्ही म्युऑन डिटेक्टरच्या टप्प्यात पडतात ते प्रमाण. कार्यक्षमता म्हणजे टप्प्यात पडलेल्यांपैकी किती आपण खरोखर पकडले. पहिली गोष्ट सिम्युलेशनवरून घ्यावीच लागते, कारण जे झोतनळीतून निघून गेले त्यांची डेटात खूणच नाही. पायथिया, पॉव्हेग, मॅडग्राफ यांसारखे जनरेटर टक्कर बनवतात, जीअँट४ प्रत्येक कण डिटेक्टरच्या आराखड्यातून चालवतो, त्यातून खोटे इलेक्ट्रॉनिक संकेत तयार होतात आणि पुढे खऱ्या डेटाचाच पुनर्रचना प्रोग्राम त्यांच्यावर चालतो.

प्रत्येक बनावट इव्हेंटला वजन द्यायचं: क्रॉस-सेक्शन × ल्युमिनॉसिटी ÷ जनरेटरच्या वजनांची बेरीज. भाजकात इव्हेंटची संख्या टाकू नका. वरच्या क्रमाची गणितं करणारे जनरेटर काही इव्हेंटना ऋण वजन देतात. संख्या वापरली तर उत्तर चुकतं. ही बेरीज अटी लावण्यापूर्वीची हवी, अन्यथा अटीत गळालेले इव्हेंट हिशेबातूनच नाहीसे होतात. उदाहरणार्थ, ११.६ उलटे फेम्टोबार्न आणि १.१ नॅनोबार्न (११०० पिकोबार्न) यांना १ कोटी २८ लाख झेड-जोड्या अपेक्षित आहेत. तुमच्याकडे १ कोटीच बनावट इव्हेंट असतील तर प्रत्येकाचं वजन १.२८ येईल. वजन एकाहून मोठं असणं याचा अर्थ सिम्युलेशनची सांख्यिकी त्रुटी डेटाच्या त्रुटीपेक्षाही मोठी आहे. आणखी इव्हेंट तयार करा.

कार्यक्षमतेसाठी सिम्युलेशनवर नुसता विश्वास ठेवत नाहीत. टॅग अँड प्रोब वापरतात. कडक अटी पूर्ण करणारा आणि ट्रिगर उडवणारा एक म्युऑन घ्या: हा टॅग. त्याच्या जोडीला फक्त ट्रॅकरमधला एक विरुद्ध भाराचा मार्ग घ्या, ज्याच्यासह वस्तुमान झेडजवळ येतं: हा प्रोब. झेडच्या शिखरामुळे प्रोब खरा म्युऑन असल्याची जवळपास खात्री असते, आणि त्याच्यावर अजून कोणतीही अट लावलेली नसते. आता तो अटी पार करतो का ते पाहा. १०,००० प्रोबपैकी ९,५०० पार झाले तर कार्यक्षमता ०.९५ आणि त्रुटी ०.००२. हे संवेग आणि ईटाच्या प्रत्येक कप्प्यात करा, डेटात आणि सिम्युलेशनमध्ये सारखंच, आणि दोघांचं गुणोत्तर प्रत्येक म्युऑनला दुरुस्ती म्हणून लावा. दोन म्युऑन असल्याने सामाईक अनिश्चितता जोडीवर दुप्पट होते. एकट्या म्युऑनच्या ट्रिगरचं मात्र उलट: दोघांपैकी कुणीही ट्रिगर उडवला तरी चालतं, म्हणून ०.९० ची कार्यक्षमता जोडीला ०.९९ होते. हा फरक विसरून दोन्हीकडे वर्ग केलेले प्रोग्राम बरेच असतात.

पाइल-अपची दुरुस्तीही लागते. एकाच भेटीत झालेल्या इतर टकरींची संख्या सिम्युलेशन बनवताना अंदाजाने धरलेली असते. प्रत्यक्ष ल्युमिनॉसिटीवरून आणि ६९.२ मिलिबार्न या इनइलॅस्टिक (प्रोटॉन फुटतात अशा टकरींच्या) क्रॉस-सेक्शनवरून डेटातली संख्या काढतात आणि सिम्युलेशनचं वितरण तिच्याशी जुळवतात. नीट झालं का ते टक्करबिंदूंच्या संख्येच्या आलेखात दिसतं. आयसोलेशनची कार्यक्षमता यावर थेट अवलंबून असल्याने ही पायरी टाळू नका.

पार्श्वभूमी डेटातूनच काढा

झेडच्या शिखरावर पार्श्वभूमी एका टक्क्याहून कमी असते, म्हणून हा भाग इथे सोपा आहे. पद्धती मात्र इथेच शिकून घ्याव्यात, कारण दुर्मीळ प्रक्रिया शोधताना सगळा भार त्यांच्यावर येतो.

टॉप क्वार्कच्या जोड्या, दोन डब्ल्यू बोसॉन किंवा टाऊ कणांच्या जोड्या यांतून म्युऑनजोडी जितक्या वेळा येते त्याच्या दुप्पट वेळा एक इलेक्ट्रॉन आणि एक म्युऑन येतो. खऱ्या झेडमधून असं थेट येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन-म्युऑन इव्हेंट मोजा, निम्मे करा, म्युऑन आणि इलेक्ट्रॉनच्या कार्यक्षमतांच्या गुणोत्तराने गुणा. पार्श्वभूमीचा मोठा भाग सिम्युलेशनशिवाय मिळाला.

जेटमधून निसटलेल्या म्युऑनसाठी चार चौकटींची पद्धत आहे. एका बाजूला भार (विरुद्ध किंवा समान), दुसऱ्या बाजूला आयसोलेशन (पास किंवा नापास). विरुद्ध भार आणि पास ही आपली चौकट. तिच्यातली पार्श्वभूमी = समान-पास × विरुद्ध-नापास ÷ समान-नापास. ४०, ९०००, ६००० असे आकडे असतील तर उत्तर ६०. यामागे गृहीत एकच: भार आणि आयसोलेशन यांचा एकमेकांशी संबंध नाही. ते खरं आहे का हे नापास भागाचे आणखी दोन तुकडे करून तपासा, आणि नापास चौकटींत शिरलेले खरे झेड आधी वजा करा.

उत्तर आणि त्याची अनिश्चितता

समजा १ उलट्या फेम्टोबार्नमध्ये ३,६५,००० इव्हेंट निवडले, पार्श्वभूमी २,६०० निघाली, अ‍ॅक्सेप्टन्स ०.३८ आणि कार्यक्षमता ०.८५. मग क्रॉस-सेक्शन = ३,६२,४०० ÷ (०.३२३ × १०००) = १,१२२ पिकोबार्न. सांख्यिकी त्रुटी ०.१७ टक्के, म्हणजे जेमतेम २ पिकोबार्न. ल्युमिनॉसिटीची अनिश्चितता २.६ टक्के असेल तर ती एकटीच २९ पिकोबार्न. दहापट डेटा आणूनही हे उत्तर सुधारत नाही. अशा वेळी डब्ल्यू आणि झेड यांचं गुणोत्तर मोजतात. ल्युमिनॉसिटी दोन्हीकडे तीच असल्याने रद्द होते. अनिश्चिततांचा असा तक्ता काम सुरू करतानाच ढोबळपणे मांडा, म्हणजे कशावर सहा महिने घालवायचे ते कळतं.

नव्या कणाचा शोध घेत असाल तर सिग्नलचा भाग झाकून ठेवा. अटी, पार्श्वभूमी, अनिश्चितता सगळं शेजारच्या भागांवर ठरवा, सहकाऱ्यांकडून तपासून घ्या, मगच झाकण काढा. आकडे पाहत पाहत अटी बदलल्या की माणूस नकळत उठावाच्या (पार्श्वभूमीपेक्षा जास्त दिसणाऱ्या इव्हेंटच्या) बाजूने झुकतो; प्रामाणिक माणसाचंही असं होतं, म्हणूनच हा नियम सगळ्यांना सारखा आहे.

पार्श्वभूमी १०० आणि दिसले १३०: हे ३ सिग्मा वाटतं (सिग्मा म्हणजे अपेक्षित चढउतार, इथे १०० चं वर्गमूळ, १०). पण पार्श्वभूमीच १० टक्क्यांनी अनिश्चित असेल तर त्रुटी १० वरून १४ होते आणि उरतात २.१ सिग्मा. म्हणून अंतिम फिटमध्ये (प्रतिमान डेटाशी जुळवताना) प्रत्येक अनिश्चितता हा एक वेगळा पॅरामीटर असतो आणि डेटा त्याला किती खेचतो हे प्रत्येकासाठी पाहतात. एखादा पॅरामीटर दोन सिग्मा खेचला गेला असेल, किंवा त्याची त्रुटी मूळच्या चौथाईवर आली असेल, तर फिट काहीतरी झाकत आहे. कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शोधासाठी ५ सिग्मा लागतात: नुसत्या पार्श्वभूमीतून एवढा उठाव येण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. एवढी कडक अट का, याचं उत्तर डिसेंबर २०१५ मध्ये मिळालं. अ‍ॅटलास आणि सीएमएस दोघांनाही फोटॉनजोड्यांमध्ये ७५० जीईव्हीजवळ उठाव दिसला. त्या एका जागी पाहिलं तर अ‍ॅटलासचा आकडा साडेतीन सिग्माच्या पुढे होता. एवढ्या रुंद पट्ट्यात कुठेही उठाव आला असता हे धरल्यावर तो २ सिग्माच्या आसपास उतरला. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि उठाव विरून गेला. डिटेक्टर बिघडला नव्हता, विश्लेषण चुकलं नव्हतं. पुष्कळ ठिकाणी पाहिलं की कुठेतरी असं दिसतंच.

पुन्हा पुन्हा होणारे बिघाड

एकच इव्हेंट दोन डेटासेटमध्ये असू शकतो, कारण त्याने एक-म्युऑन आणि दोन-म्युऑन असे दोन्ही ट्रिगर उडवलेले असतात. डेटासेट जोडताना रन, तुकडा आणि इव्हेंट या तीन क्रमांकांवरून दुबार नोंदी काढा. इव्हेंट क्रमांक ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवा. ३२ बिटांत तो मावत नाही, क्रमांक गुंडाळले जातात आणि वेगळे इव्हेंट दुबार समजून फेकले जातात.

फायचा फरक −पाय ते पाय या मर्यादेत आणा. ३.१ आणि −३.१ यांचा फरक ६.२ नव्हे, ०.०८ आहे. वस्तुमानाच्या सूत्रात कोसाइन असल्याने ही चूक तिथे दिसत नाही. आयसोलेशनच्या शंकूत मात्र ती एका बाजूचे शेजारी गायब करते, आणि शोधायला आठवडे जातात. फायच्या आलेखात ±३.१४ जवळ खड्डा किंवा टेकडी दिसली तर आधी हेच तपासा.

अ‍ॅटलासच्या फाइलींत ऊर्जा मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, सीएमएसच्या फाइलींत गिगामध्ये असते. वजन असलेल्या हिस्टोग्रामची त्रुटी कप्प्यातल्या संख्येचं वर्गमूळ नसून वजनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ असतं. रूटमध्ये हे आधी चालू करून ठेवा.

निकाल प्रसिद्ध करताना आलेखाच्या चित्राबरोबर त्यामागचे आकडे आणि अनिश्चिततांमधले परस्परसंबंध हेपडेटा या खुल्या संग्रहावर ठेवा. २०१९ पासून अ‍ॅटलासने काही शोधांची पूर्ण लाइकलीहुडही (प्रतिमान आणि डेटा किती जुळतात ते सांगणारं गणिती सूत्र) जाहीर करायला सुरुवात केली आहे, त्यामुळे दुसरे लोक नवी सिद्धांत-प्रतिमानं त्याच डेटावर थेट तपासू शकतात. स्वतःसाठी प्रमाणित यादीची फाइल, पुनर्रचनेची आवृत्ती, दुरुस्ती-गुणकांच्या फाइली, अटींचा तक्ता आणि प्रोग्राम चालवणारा कंटेनर हे सगळं एकत्र, एकाच टॅगखाली साठवा. तीन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगाच्या निकालाशी संयुक्त फिट करायची वेळ येते, तेव्हा यातली एक फाइल जरी कमी असली तरी सगळं पहिल्यापासून चालवावं लागतं.